वेळवशीचे ताट

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाला गेला होता आणि शंकरपाळ्यांचा चुरा तेवढा उरला होता. रात्रीची जेवणे आटोपून ओटा पुसत होते, तोच फोन वाजला. पलीकडे माझी एक जुनी विद्यार्थिनी. औसा तालुक्यातल्या एका खेड्यातून एस. टी. ने कॉलेजला येणारी, मागच्या बाकावर बसणारी आणि निबंध मात्र पहिल्या बाकाचे लिहिणारी. लग्न होऊन अमेरिकेला गेली, त्याला आता काही वर्षे झाली.

"मॅडम, इथं थँक्सगिव्हिंग आलंय," ती म्हणाली. "ह्यांच्या ऑफिसातली चार कुटुंबं आमच्याकडं जेवायला यायचीत. प्रत्येकीनं आपापल्या घरचं काहीतरी करायचं ठरलंय. टर्की काही मला जमणार नाही. आपल्याकडचं काय करू? पुरणपोळी करू का श्रीखंड?"

मी म्हटले, "अगं, तू औशाकडची ना? मग पुरणपोळी कशाला? येळवशीचं कर की!"

पलीकडे क्षणभर शांतता. मग हळूच प्रश्न आला, "मॅडम, भज्जी? ती पाहुण्यांना वाढायची?"

त्या प्रश्नात जो संकोच होता, तो माझ्या ओळखीचा होता. पंचवीस वर्षांपूर्वी नांदेडहून लातूरला सून म्हणून आले, तेव्हा पहिल्यांदा भज्जी पाहून माझ्याही चेहऱ्यावर तोच भाव उमटला असणार. हिरवट-पिवळे, दाटसर, अनेक गोष्टी एकत्र शिजलेले ते कालवण. दिसायला साधे, आणि नाव मात्र भज्याच्या जवळचे! म्हणून वाचकहो, आमच्या भागातल्या या आभाराच्या जेवणाची हकीकत आणि पाककृती या दिवाळीच्या सदरात सांगावी असे ठरविले. जिने विचारले तिच्यासाठी, आणि ज्यांना विचारायचे सुचले नाही त्यांच्यासाठीही.

आधी त्या परदेशी सणाविषयी थोडेसे. अमेरिकेत नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असते. कॅनडात ते आधी, ऑक्टोबरातल्या दुसऱ्या सोमवारी येते, कारण तिथला हंगाम लवकर आटोपतो. अमेरिकेतली कथा १६२१ सालच्या प्लिमथ गावची. इंग्लंडहून समुद्र ओलांडून आलेल्या लोकांपैकी पहिल्या हिवाळ्यात निम्मे दगावले. उरलेल्यांना टिस्क्वांटम नावाच्या तिथल्याच एका माणसाने मका पेरायला शिकवले. पीक हाती आले तेव्हा हे पन्नासएक इंग्रज आणि वाम्पानोआग जमातीची नव्वद माणसे तीन दिवस एकत्र जेवली. पाहुण्यांनी पाच हरणे मारून आणली होती. पुढे १८६३ साली, यादवी युद्ध ऐन भरात असताना, अब्राहम लिंकनने हा दिवस साऱ्या देशाचा म्हणून जाहीर केला आणि १९४१ साली कायद्याने चौथा गुरुवार ठरला. टर्की, भोपळ्याची गोड पाय, क्रॅनबेरीची आंबट चटणी हा थाट हळूहळू जमला.

पण या कथेला दुसरी बाजूही आहे. ज्यांनी मका शिकवला, त्यांच्या वंशजांच्या जमिनी पुढे गेल्या. म्हणून १९७० सालापासून त्याच दिवशी त्याच प्लिमथमध्ये मूळ रहिवाशांपैकी काही जण जमतात आणि तो दिवस शोकदिन म्हणून पाळतात. जेवण एकच, पण आभार कोणी कोणाचे मानायचे, हा प्रश्न ताटाखाली तसाच राहिलेला. हे मी का सांगते आहे, ते पुढे कळेल.

आता आपली वेळ अमावस्या. आमच्याकडे तिला येळवस म्हणतात. लक्ष्मीपूजनाच्या अमावस्येपासून पुढे मोजली तर दुसरी, म्हणजे मार्गशीर्षातली. इंग्रजी महिना डिसेंबर किंवा जानेवारीचा पहिला पंधरवडा. नावाविषयी विद्वानांत आणि पारावर सारखाच वाद आहे. कानडीत 'एळु' म्हणजे सात. म्हणून कोणी म्हणतात, ज्येष्ठातल्या अमावस्येपासून मोजत आलात की ही सातवी. कानडीतच 'एळ्ळु' म्हणजे तीळ. आणि सीमेपलीकडे कर्नाटकात हिला एळ्ळ अमावास्याच म्हणतात. निलंगा, उदगीर, देगलूर या बाजूला मराठी आणि कानडी एकाच विहिरीवर पाणी भरत आल्या आहेत. तेव्हा शब्द कोणाच्या घागरीतून सांडला हे शोधण्यात अर्थ नाही.

या दिवशी लातूर शहर ओस पडते. बहुतेक वर्षी जिल्हा प्रशासन स्थानिक सुट्टी देते. न दिली तरी कचेऱ्यांत कोण असते म्हणा! दुकाने बंद, रस्ते मोकळे, आणि सगळी माणसे शेतात. धाराशिव जिल्ह्यात आणि नांदेड जिल्ह्याच्या लातूरकडच्या पट्ट्यातही तेच. शेतात ज्वारीच्या कडब्याची कोपी उभारतात. तिच्यात पाच दगडांना चुना लावून पाच पांडव मांडतात. पूजा झाली की घरातला पुरुष आंबिलाचे मडके घेऊन पिकातून फिरतो, डहाळीने आंबील शिंपडतो, कानडी वळणाचा पुकारा करतो, आणि मागून पोरे ओरडतात. मग पंगत. ज्याला शेत नाही, त्याला आठवणीने बोलवायचे. बांधावरून जाणारा अनोळखी माणूस दिसला, तरी हाक मारायची. त्या दिवशी कोणाच्या शेतातून कोणी उपाशी जात नाही.

मी नांदेडच्या गोदाकाठची. वडील कारकून, आमच्या घराला जमीन म्हणजे अंगणातली तुळस तेवढी. पण 'कोणीही यावे आणि जेवावे' ही गोष्ट मला नवी नव्हती. गुरू गोविंदसिंहांनी १७०८ साली जिथे देह ठेवला, त्या हजूर साहिबच्या लंगरात लहानपणी कितीदा तरी मांडी घालून जेवले आहे. तिथे कोणी जात विचारीत नाही, गाव विचारीत नाही. येळवशीच्या पहिल्या पंगतीला मला तेच आठवले होते. फरक एवढाच की लंगरात रांधणारे हात समोर दिसत; इथे ते पहाटे तीनपासून चुलीपुढे असत आणि पंगतीला सगळ्यांच्या शेवटी बसत.

ते हात माझ्या सासूबाईंचे. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू. पहिल्या वर्षी मी वही-पेन घेऊन चुलीजवळ बसले आणि विचारले, "आत्याबाई, बेसन किती वाट्या?" त्या म्हणाल्या, "वाटी कशाला? हात हाय की." त्या हाताची मापे मी पुढे चार-पाच वर्षे चोरून मोजली. तीच खाली देते. माणसे आठ-दहा धरली आहेत.

भज्जी

साहित्य : तुरीचे ओले दाणे २ वाट्या, ओला हरभरा, वाल आणि वाटाणा यांचे दाणे प्रत्येकी १ वाटी, भिजवलेले शेंगदाणे अर्धी वाटी, पालक आणि आंबट चुका यांची एकेक जुडी, मेथी अर्धी जुडी, हरभऱ्याचे कोवळे शेंडे मूठभर, कांद्याची पात १ जुडी, गाजरे २, लहान वांगी ३-४, बोरे ८-१०, लिंबाएवढी चिंच, हरभरा डाळीचे पीठ १ वाटी, हिरव्या मिरच्या ८-१०, लसणाचा १ गड्डा, आले, जिरे, मोहरी, हळद, मीठ, कोथिंबीर, तेल अर्धी वाटी.

कृती : सगळे दाणे आणि शेंगदाणे पाण्यात हळद घालून आधी मऊ शिजवून घ्यावेत. ही पायरी चुकवू नये. आंबट चुका किंवा चिंच आधी पडली, तर दाणे कितीही शिजवले तरी टणक राहतात. दाणे शिजले की गाजर-वांग्याच्या फोडी, बोरे आणि चिरलेल्या पालेभाज्या घालाव्यात. सारे मऊ झाले की पळीच्या पाठीने थोडे घोटावे; पार लगदा करू नये, दाणा दाताखाली आला पाहिजे. बेसन गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवावे, त्यात चिंचेचा कोळ मिसळावा आणि बारीक धार धरून, ढवळत ढवळत भज्जीत सोडावे. मीठ घालून मंद आचेवर पंधरा मिनिटे रटरटू द्यावी. बेसन कच्चे राहिले तर भज्जी घशाशी लागते. शेवटी तेलात मोहरी-जिरे आणि ठेचलेले लसूण-आले-मिरची यांची खमंग फोडणी करून वर ओतावी. दाटपणा पिठल्याहून पातळ, वरणाहून घट्ट. पळीवाढी म्हणतात तसा.

भज्जीत भाज्या किती? कोणी सोळा सांगतात, कोणी बत्तीस. दरवर्षी या दिवसाच्या आधी बाजारात सगळे दाणे सोलून, एकत्र करून विकायला येतात. मीही आणते. पण भज्जीचे खरे गणित मला कळले ते २०१६ च्या जानेवारीत.

ते दुष्काळाचे वर्ष वाचकांना आठवत असेल. त्याच एप्रिलात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा डब्यांतून पाच लाख लिटर पाणी आले, आणि आमचे गाव देशभर वर्तमानपत्रांत झळकले. पण त्याआधीची येळवस कोणाच्या लक्षात नाही. शेतात हरभरा उगवलाच नव्हता. तूर गुडघ्याएवढी होऊन वाळली होती. माझे दीर म्हणाले, "आई, औंदा राहू दे. कशाचे आभार मानायचे?"

आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "देणं-घेणं एका सालाचं नसतं, बाबा. गेल्या साली खाल्लं, ते फेडायचं ऱ्हायलंय की."

मी बाजारातून पिशवीभर भाजी आणून ठेवली होती. त्यांनी ती बाजूला सारली. "बाजारातलं माळवं बाजाराचं. त्याचे आभार मानायचे तर बाजारात जाऊन मान." मग स्वतः काठी टेकत शेतभर फिरल्या. बांधावरच्या बोरीला बोरे होती. बोर दुष्काळाला भीत नाही. चिंचेखाली चिंचा पडल्या होत्या. हातपंपाच्या ओघळावर थोडा तांदुळजा तगला होता. वाळल्या तुरीला ओंजळभर शेंगा निघाल्या. शेवग्याचा पाला ओरबाडला. पाच जिन्नस झाले. बेसन घरचे, मागल्या सालचे. त्या पाच जिनसांची भज्जी आम्ही कोपीपुढे खाल्ली. चव? थोडी कडवट, फार आंबट. आत्याबाई म्हणाल्या, "साल जसं, तशी भज्जी."

तेव्हापासून मी भाज्या मोजते त्या सोळा भरल्या की नाही हे पाहायला नव्हे, तर शेताने यंदा काय दिले हे कळावे म्हणून. २०२५ च्या पावसाळ्यात उलटे झाले. पाण्यावाचून नव्हे, तर पाण्यानेच मराठवाड्यातली शेते गेली. दोन्ही वर्षी ज्याने भज्जी केली, त्याला आपल्या मातीचा हिशोब ठाऊक आहे.

असो. पुढचे पदार्थ सांगते.

उंडे

साहित्य : बाजरीचे किंवा ज्वारीचे पीठ ३ वाट्या, तीळ २ चमचे, मीठ, उकळते पाणी.

कृती : पिठात तीळ-मीठ मिसळून लागेल तसे उकळते पाणी घालावे व गरम असतानाच मळावे. या धान्यांना गव्हासारखा चिवटपणा नसतो. उकळत्या पाण्यानेच पीठ एकजीव होते. लिंबाएवढे गोळे करून अंगठ्याने मध्ये दाबावेत आणि चाळणीत ठेवून वाफेवर वीसएक मिनिटे शिजवावेत. ताटात उंडा कुस्करावा, वर भज्जी घ्यावी, आणि कच्च्या तेलाची धार. हाताने खाल्ल्याशिवाय याची चव कळत नाही.

आंबील

साहित्य : ज्वारीचे पीठ १ वाटी, आंबट ताक २ वाट्या, पाणी ४ वाट्या, वरून घालायला ताजे ताक ४ वाट्या, लसणाच्या ५-६ पाकळ्या, जिरे, मीठ, कोथिंबीर.

कृती : रात्री पीठ आंबट ताकात कालवून उबेला ठेवावे. सकाळी पाणी उकळून त्यात हे मिश्रण ढवळत सोडावे. सात-आठ मिनिटांत ते चकाकू लागते व पिठाचा कच्चा वास जातो. पूर्ण गार झाल्यावर ताजे ताक, ठेचलेले लसूण-जिरे, मीठ व कोथिंबीर घालावी. ताक घातल्यावर पुन्हा चुलीवर ठेवू नये, फाटते. नव्या मडक्यात ओतून दोन तास ठेवली, की मडक्याच्या मातीचा गंध उतरतो. थंडीच्या दिवसांत गार आंबील कशी पितात, असे शहरातले पाहुणे विचारतात. उत्तर असे की भर दुपारच्या उन्हात, पोटभर भज्जीनंतर, दुसरे काहीच पिववत नाही.

गव्हाची खीर

साहित्य : गहू २ वाट्या, चिरलेला गूळ २ वाट्या, ओले किंवा सुके खोबरे अर्धी वाटी, खसखस, बडीशेप, वेलदोडे, तूप, वाढताना दूध.

कृती : गहू दोन-तीन तास भिजवून, निथळून, उखळात हलके कांडावेत आणि पाखडून कोंडा काढावा. शहरात उखळ नसेल तर मिक्सर एक-दोनदाच फिरवावा. गव्हाचे पीठ होऊ देऊ नये. कांडलेले गहू रात्रभर भिजवून कुकरमध्ये सहा-सात शिट्ट्यांवर फुलेपर्यंत शिजवावेत. गूळ गहू पूर्ण शिजल्यावरच घालावा, नाहीतर दाणा आक्रसतो. मग खोबरे, भाजलेली खसखस, बडीशेप, वेलदोडा. सीमेकडे हिलाच हुग्गी म्हणतात. यांच्या जोडीला आमच्याकडे धपाटे आणि तीळ, शेंगदाणे व गूळ भरलेल्या कोंदीच्या पोळ्याही असतात. पण चौघींनी मिळून करायच्या त्या गोष्टी, एकटीने अंगावर घेऊ नयेत.

अमेरिकेतल्या माझ्या मुलीला (विद्यार्थिनी दहा वर्षांनी मुलगीच होते) मी आणखी थोडे सांगितले. ओल्या तुरीचे आणि हिरव्या हरभऱ्याचे गोठवलेले दाणे तिथल्या भारतीय दुकानात मिळतात. ज्वारीचे पीठही मिळते. चुका नाही मिळाला तर पालक घे, आणि बोरांऐवजी त्यांची ती क्रॅनबेरी घाल. आंबटाला आंबट, ती त्यांच्या मातीची आहे, तिचाही मान राहील. त्यांचा तो लाल भोपळा असतोच. पाय करण्याऐवजी घारगे कर. भोपळा किसून, त्यात निम्मा गूळ घालून, मंद आचेवर गूळ विरघळेपर्यंत परतायचा, गार झाल्यावर त्यात मावेल तेवढी कणीक, थोडा तांदळाचा रवा, चिमूटभर मीठ घालून, पाण्याचा थेंबही न घालता मळायचे. लहान लहान थापून तुपात किंवा तेलात तांबूस तळायचे. आठवडाभर टिकतात.

तिने हे सगळे लिहून घेतले आणि विचारले, "मॅडम, पाच पांडव कुठं मांडू? शेत तर नाही." मी म्हटले, "शेत नसलं तरी चालेल. शेत कुणाचं, एवढं मात्र विचारायचं."

हे वाक्य माझ्या तोंडून सहज गेले. पण ते आले कुठून, ते मला ठाऊक आहे, आणि तेच या लेखात सांगायचे राहिले आहे.

२०१९ साली केंद्र सरकारची शेतकऱ्यांसाठी योजना आली. नावावर जमीन असलेल्या शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६००० रुपये, तीन हप्त्यांत, थेट बँकेत. आत्याबाई आपले पासबुक पदराखालून काढून माझ्यापुढे घेऊन आल्या. "तू शिकलेली हाईस. माझा फारम भर." मी मोबाईलवर सातबारा काढला. दोनदा वाचला. त्यांचे नाव नव्हते.

मामंजी गेल्यावर वारसाची नोंद झाली, तेव्हा आईचा हिस्सा कशाला वेगळा, पुढे-मागे दोघांचेच आहे, असे म्हणून हक्कसोड लिहून घेतली गेली होती. त्यांनी अंगठा दिला होता. त्या कागदावर माझ्या यजमानांची सही होती, आणि त्या दिवशी सगळ्यांसाठी चहा केला होता तो मी. कपटाने कोणी काही केले नव्हते. गावात सगळीकडे असेच करतात, म्हणून केले होते. चाळीस-पंचेचाळीस वर्षे ज्या बाईने त्या शेतात खुरपले, वेचले, दरसाल पहाटे तीनला उठून त्या मातीचे आभार मानणारे जेवण रांधले, ती कागदावर त्या शेताची कोणी नव्हती.

मी कसेबसे सांगितले. त्यांनी पासबुक पुन्हा पदराखाली घेतले. म्हणाल्या, "बरं." एवढेच. त्या वर्षीची भज्जी त्यांनी नेहमीसारखीच केली. मला मात्र ती गिळताना जड गेली. प्लिमथच्या कथेतली ती दुसरी बाजू मी वर्गात पोरांना सांगत असे. ती माझ्याच घरच्या चुलीपुढे बसलेली आहे, हे मला तोवर दिसले नव्हते.

दुरुस्ती करू, करू म्हणत दिवस गेले. करोना आला. २०२१ साली आत्याबाई गेल्या. त्यांचे आभार मानायचे राहिले ते राहिलेच. आणि असे राहिलेले आभार भज्जीत कितीही जिन्नस घातले तरी फिटत नाहीत.

पण एक गोष्ट झाली. शेत आज कसते ती माझी धाकटी जाऊ. १९९२ सालापासून आपल्या राज्यात लक्ष्मीमुक्ती योजना आहे. नवऱ्याने अर्ज केला की बायकोचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लागते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने त्यासाठी गावोगाव मोहीम केली होती. इतकी वर्षे ती योजना मी परीक्षेच्या टिपणासारखी नुसती माहीत असल्याप्रमाणे बाळगून होते. २०२२ साली येळवशीच्या आधी मी भाऊजींपुढे अर्जच ठेवला. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आईच्या येळंला कुणी सांगितलं नाही, वहिनी." मी म्हटले, "मलाही सांगायला हवं होतं." त्यांनी सही केली. पुढे तलाठी कचेरीच्या चार खेपा झाल्या, आणि नाव लागले.

त्यानंतरच्या येळवशीला पंगतीत एक बदल झाला. जाऊबाई पहिल्या पंगतीला बसल्या आणि आमच्या ह्यांनी व भाऊजींनी वाढले. भाऊजींनी भज्जी वाढताना अर्धी सांडली, पोरे हसली. पांडवांना त्याचे काही वाटले असेल असे दिसले नाही.

वाचकहो, मग आभाराच्या जेवणाची पाककृती सांगायची ती अशी. यंदा आपल्या मातीने जे दिले तेच शिजवावे. सोळा असो, पाच असो. ज्याच्याकडे काही नाही, त्याला हाक मारावी. आणि पहिला घास घेण्याआधी विचारावे, हे पिकवले कोणी, रांधले कोणी, आणि कागदावर नाव कोणाचे आहे? उत्तर एकच येत नसेल, तर जेवण झाल्यावर एक अर्ज लिहायला घ्यावा.

त्या मुलीचा आठवड्याने पुन्हा फोन आला. भज्जीचे पातेले रिकामे झाले होते. तिच्या शेजारणीने उंडे दोनदा मागून घेतले. घारगे तर पोरांनी आधीच संपविले. जेवायच्या आधी तिने सगळ्यांना सांगितले म्हणे, की हा पदार्थ माझ्या आईचा आहे, आणि तो ज्या शेतातला आहे तिथे ती रोज राबते. मग जरा थांबून तिने मला विचारले, "मॅडम, त्या अर्जाला कागदपत्रं काय काय लागतात?"

मी वही घेतली आणि सांगू लागले. तेही पाककृतीसारखेच असते. साहित्य आधी जमवावे, कृती मग सोपी होते.

यंदाची येळवस आता फार लांब नाही. लातूरकडे आलात, तर रस्त्याने जाताना कोपीपुढे धूर दिसेल तिथे थांबा. हाक मारायची गरज पडणार नाही. तीच तुम्हाला येईल.